‘ताईंना काढा’ : सांगलीच्या एका विनोदी पॉडकास्टवरच्या मतांचा प्रकरण अभ्यास

विश्रामबागेत एका घराच्या वरच्या खोलीत दर आठवड्याला रेकॉर्ड होणारा दोघांचा विनोदी पॉडकास्ट. एक दादा, एक ताई. श्रोते त्यांना याच नावांनी हाक मारतात, म्हणून इथंही तीच ठेवली आहेत. भाग पन्नास मिनिटांपासून तासाभरापर्यंतचा. विषय घरचेच: सोयरीक, उसाचं बिल, गावची जत्रा, पुण्यात खोली करून राहणारी पोरं, एसटीतली भांडणं. हे नमुना प्रकरण आहे. एकाच पॉडकास्टची हकीकत म्हणून न वाचता, दोघांच्या विनोदी कार्यक्रमात सर्रास दिसणाऱ्या अडचणी एका जागी आणल्या आहेत असं समजून वाचावं.

सुरुवातीच्या भागांना ‘लय भारी’, ‘एक नंबर’ अशी दाद आली. पुढं मतं फिरली. ‘ताई बोलतच नाहीत.’ ‘ताई नुसत्या हसतात.’ ‘ताईंचं हसणं कानात घुसतं.’ ‘पूर्वीसारखी मजा राहिली नाही.’ आणि या सगळ्यांचा शेवट एकाच मागणीवर: दादा एकटाच पुरेसा आहे, ताईंना काढा. एवढी माणसं एकच गोष्ट म्हणतायत म्हटल्यावर ती खरीच असणार, असं वाटून ताई बाजूला व्हायला तयार झाल्या होत्या. तसं झालं असतं तर ते आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं झालं असतं. श्रोत्याला खटकलेली जागा बहुतेक वेळा खरी असते, पण त्यानं सुचवलेला इलाज क्वचितच लागू पडतो. त्याच्या हातात फक्त तयार झालेला आवाज असतो. माइक, फाइल, संपादन यातलं काहीच त्याला दिसत नाही. म्हणून मत फेकायचंही नाही आणि हुकूम म्हणून पाळायचंही नाही. ते फाइलीशेजारी ठेवून तपासायचं.

मतं गोळा कशी केली

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच सांगलीत मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला, तेव्हापासून इथला नट समोरच्या प्रेक्षकाकडं बघून खेळ जुळवत आलाय. हशा पडला तर थांबायचं, नाही पडला तर पुढं सरकायचं. पॉडकास्टवाल्याला ही सोय नाही. त्याचा प्रेक्षक दुसऱ्या दिवशी हसतो, तेही हिंजवडीच्या बसमध्ये नाहीतर ट्रॅक्टरवर. त्यामुळं मतं गोळा करणं हा निर्मितीचाच भाग धरावा लागतो.

मतं येण्याच्या वाटा अनेक आणि प्रत्येकीची खोड वेगळी. स्पॉटिफायवर तारे मिळतात आणि २०२४ पासून भागाखाली प्रतिक्रियाही लिहिता येतात. ॲपल पॉडकास्टवरचे अभिप्राय देशानुसार वेगळे राहतात. दुबईत किंवा अमेरिकेत असलेल्या सांगलीकरानं लिहिलेलं भारताच्या यादीत दिसत नाही, ते त्या त्या देशाच्या यादीत जाऊन वाचावं लागतं. यूट्यूबवर लिहिणारे पुष्कळ, पण त्यातल्या कितीतरी जणांनी फक्त तुकडा पाहिलेला असतो. व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप सगळ्यांत कामाचे, कारण माणूस चिडून बोलत असला तरी तपशिलात बोलतो. समोरासमोर विचारलं तर मात्र हाती काही लागत नाही. ‘भाग कसा वाटला?’ या प्रश्नाला सांगलीत ‘लय भारी’ हेच उत्तर येतं, आणि ते आपुलकीपोटी आलेलं असतं. त्यापेक्षा ‘कुठं बंद केलास?’ असं विचारावं. या प्रश्नाला खोटं बोलणं अवघड जातं.

एक साधा तक्ता केला. मत जसंच्या तसं, शब्द न बदलता. कुठून आलं. कोणता भाग. कितवं मिनिट. कशावर ऐकलं. अख्खा भाग ऐकला की तुकडा. बहुतेकांनी मिनिट आणि उपकरण सांगितलेलं नसतंच, म्हणून प्रत्येक तक्रारदाराला एकच ठरलेला निरोप गेला: ‘सांगितलंत ते बरं झालं. कितव्या मिनिटाला खटकलं ते आठवतंय का? आणि फोनच्या स्पीकरवर ऐकलंत, वायरच्या इअरफोनवर, ब्लूटूथवर की गाडीत?’ आपली बाजू मांडायची नाही, सबब सांगायची नाही. एवढं पाळलं की माणूस उत्तर देतो. सबब सांगितली की तो वाद घालतो आणि मिनिट विसरतो.

उत्तरं आल्यावर तक्ता ‘कशावर ऐकलं’ या रकान्यानं लावून पाहिला आणि निम्मं कोडं तिथंच सुटलं.

‘ताई बोलतच नाहीत’

ही तक्रार करणारे जवळजवळ सगळे वायरचे इअरफोन वापरणारे निघाले, आणि तेही एकाच कानात. दुकानावर बसलेला माणूस गिऱ्हाइकाचं ऐकू यावं म्हणून एक कान मोकळा ठेवतो. काहींच्या इअरफोनची एक बाजू वायर मोडून बंद पडलेली असते. गाडीच्या स्पीकरवर ऐकणाऱ्या एकानंही ही तक्रार केली नव्हती.

कारण रेकॉर्डिंगच्या पेटीत होतं. दोन माइक जोडायच्या स्वस्त इंटरफेसमध्ये किंवा खिशातल्या रेकॉर्डरमध्ये बऱ्याचदा पहिला माइक डाव्या बाजूला आणि दुसरा उजव्या बाजूला नोंदला जातो. ती स्टिरिओ फाइल तशीच प्रसिद्ध केली तर दादा फक्त डाव्या कानात आणि ताई फक्त उजव्या कानात. डावा कानच लावलेल्या माणसाला ताई ऐकू येतात त्या दादाच्या माइकमध्ये शिरलेल्या आवाजातून. म्हणजे बारीक, खोलीच्या घुमण्यासकट, लांबून आल्यासारखं. ‘ताई मधूनच गप्प बसतात’, ‘ताई लांब बसून बोलतात’ ही दोन्ही वाक्यं तक्त्यात होती आणि दोन्ही शब्दशः खरी होती. फोनच्या स्पीकरवर दोन्ही बाजू ऐकू येतात, बरेचसे ब्लूटूथ इअरबडही एकटे वापरले की दोन्ही बाजू एकत्र करतात, म्हणून ते श्रोते यातून सुटले.

दुरुस्ती दहा मिनिटांची. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकच्या मेनूतून ‘स्प्लिट स्टिरिओ टू मोनो’ निवडायचं. दोन स्वतंत्र ट्रॅक मिळतात आणि दोन्ही मधोमध येतात. मग प्रत्येकाची पातळी वेगळी जुळवायची. बोलणारा गप्प असताना त्याचा ट्रॅक दहा-बारा डेसिबलनं खाली आणला तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमधून येऊन होणारं घुमणंही कमी होतं. पूर्ण शून्य मात्र करू नये, नाहीतर खोलीचा आवाज चालू-बंद झाल्यासारखा वाटतो. मुळात दोन माइकमधलं अंतर हे तोंड ते माइक अंतराच्या किमान तिप्पट ठेवावं. आणि भाग चढवण्याआधी एक मिनिट फक्त डावा कान, एक मिनिट फक्त उजवा कान लावून ऐकावं. ही तपासणी कधीच वगळू नये.

‘हसणं कानात घुसतं’

ही तक्रार फोनच्या स्पीकरवर ऐकणाऱ्यांची. स्वयंपाक करताना, गोठ्यात, गॅरेजमध्ये फोन बाजूला ठेवून ऐकणारी माणसं. मिनिटं जुळवल्यावर फाइलीत त्या जागा उघडून पाहिल्या. लाटांचे शेंडे कात्रीनं कापल्यासारखे सपाट होते. आवाज शून्य डेसिबलच्या छताला, म्हणजे फाइलीत मावणाऱ्या कमाल पातळीला जाऊन आपटला की असं होतं, आणि एकदा कापला गेलेला शेंडा पूर्णपणे परत येत नाही.

ताईंचंच हसणं का फाटलं? ताई बोलताना हळू बोलतात, दादा मुळातच खड्या आवाजाचा. दोघं सारखे ऐकू यावेत म्हणून ताईंच्या माइकचा गेन, म्हणजे आवाज किती मोठा करून नोंदायचा ते प्रमाण, वाढवलेला होता, आणि तो त्यांच्या हळू बोलण्यावर बेतलेला होता. हसणं बोलण्यापेक्षा सहज दहा-पंधरा डेसिबलनं वर उसळतं. दादा हसताना मागं रेलतो, म्हणजे माइकपासून आपोआप लांब जातो. ताई हसताना पुढं वाकतात, थेट माइकवर. वरून फोनच्या छोट्या स्पीकरला खालचे सूर झेपत नाहीत. त्याचा सगळा जोर दोन ते चार किलोहर्ट्झच्या आसपास एकवटतो, आणि माणसाचा कान नेमका याच पट्ट्यात सगळ्यांत हळवा असतो. फाटलेलं हसणं, त्यात हा पट्टा. कानात घुसणारच.

त्यात फाइलीची एकूण पातळी उणे तेवीस लफ्सच्या (LUFS, कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) आसपास, म्हणजे बरीच खाली. बोलणं ऐकू यावं म्हणून श्रोता आवाज वाढवतो आणि पुढच्या क्षणी हशा येऊन आदळतो. ॲपलची शिफारस उणे सोळा लफ्सच्या आसपासची आहे, एका डेसिबलनं इकडंतिकडं चालतं, आणि खरा शेंडा उणे एक डेसिबलच्या वर जाऊ नये. स्पॉटिफाय साधारण उणे चौदावर वाजवतो. उणे सोळा धरून चाललं तर दोन्हीकडं निभतं.

इथं क्रम महत्त्वाचा. आधी गेन उतरवायचा: बोलताना शेंडे उणे अठरा ते उणे बारा डेसिबलमध्ये आणि मोठ्यात मोठं हसणंही उणे सहाच्या खाली. चोवीस बिटवर रेकॉर्ड केलं तर एवढं खाली घेतल्यानं आवाजाचा दर्जा जात नाही. त्यासाठी रेकॉर्डिंगआधी दोघांनी एकदा खोटं नाही, खरं खदखदून हसून घ्यायचं आणि गेन त्या हसण्यावर लावायचा. मग माइक तोंडापासून दहा-बारा सेंटिमीटरवर, पण समोर न धरता थोडा तिरका, तोंडाच्या कोपऱ्याच्या रेषेत. पुढं वाकणाऱ्याला हे फार उपयोगी पडतं. संपादनात ऐंशी हर्ट्झच्या खालचा घरघराट कापायचा, तीन किलोहर्ट्झपाशी दोन-तीन डेसिबलची हलकी उतरण द्यायची, मग मोठ्या-बारीक आवाजातला फरक कमी करणारा तीनास एकचा कॉम्प्रेसर आणि शेवटी शेंडे अडवणारा लिमिटर. उतरण जास्त दिली तर ‘च’, ‘ज’, ‘स’ बोथट होतात आणि मग ‘ताई तोंडातल्या तोंडात बोलतात’ अशी नवी तक्रार दारात.

खोलीचाही वाटा होता. वापरात कंडेन्सर माइक होते. ते पंखा, रस्त्यावरची रिक्षा, वर फरशीवरून उलटून येणारा आवाज, सगळं टिपतात. आवाज शोषून घेण्याची सोय नसलेल्या घरगुती खोलीत डायनॅमिक माइक बरा, तो लांबचं कमी टिपतो. समोरच्या भिंतीवर दोन जाड वाकळा टांगल्या, टेबलावर एक अंथरली आणि रेकॉर्डिंगपुरता पंखा बंद ठेवला तर फरक पहिल्याच वाक्यात कळतो. सांगलीच्या एप्रिलमध्ये पंखा बंद ठेवून तासभर बसवत नाही, म्हणून वीस-वीस मिनिटांचे तुकडे पाडावेत किंवा रात्री उशिरा बसावं. तेव्हा रस्ताही शांत असतो.

हे सगळं दुरुस्त झाल्यावरही काही मतं शिल्लक राहतात: ‘बाईमाणसानं एवढ्या मोठ्यानं हसू नये.’ याची पारख सोपी आहे. त्याच श्रोत्यानं दादाच्या तेवढ्याच मोठ्या हसण्याबद्दल कधी काही म्हटलंय का, ते तक्त्यात पाहायचं. म्हटलं नसेल तर ती आवाजाची तक्रार नव्हे, तो पूर्वग्रह आहे. ती ओळ तक्त्यात ठेवावी, वेगळा रंग द्यावा आणि तिच्यासाठी काहीही बदलू नये. यात तडजोड करण्यासारखं काही नाही. ताईंनी हसणं आवरतं घेतलं असतं तर कार्यक्रमातला खरेपणाच गेला असता.

‘पूर्वीसारखी मजा नाही’

सगळ्यांत मोघम तक्रार, आणि सगळ्यांत अवघडही. कोणत्या भागापासून हे सुरू झालं ते तक्त्यात पाहिलं तर एक ठरावीक भाग समोर आला. त्या भागापासून संपादनात शांतता आपोआप कापणारी सोय वापरायला सुरुवात झाली होती. अर्ध्या सेकंदापेक्षा मोठी प्रत्येक शांतता छाटली जात होती. तासाचा भाग पाच-सात मिनिटांनी आटोपशीर झाला आणि विनोद मेला.

दादा म्हणतो, ‘मामांनी पोरीला विचारलं, पोरगा काय करतो.’ मग थांबतो. त्या थांबण्यात ऐकणारा उत्तराचा अंदाज बांधतो. पुढचं वाक्य तो अंदाज मोडतं, तेव्हा हसू येतं. ही एक-सव्वा सेकंदाची जागा यंत्राला रिकामी वाटते. ती कापली की वाक्यावर वाक्य चढतं. विनोदी कार्यक्रमात स्वयंचलित छाटणी वापरूच नये. वापरायचीच असेल तर दोन सेकंदांपेक्षा मोठी शांतताच छाटावी आणि तीही दीड सेकंदापर्यंतच खाली आणावी. शून्यावर कधीच नको. खोकला, पाणी पिणं, ‘कुठं होतो आपण’ हे हातानं काढावं. वेळ लागतो, पण दुसरा रस्ता नाही. शिवाय बरेच श्रोते दीडपट वेगानं ऐकतात. आधीच छाटलेला भाग दीडपट वेगात गेला की त्यात श्वासच उरत नाही.

याच्याच जोडीला दुसरा दोष: शेवटच्या शब्दावर पडणारं हसणं. ताईंना विनोद आधीच कळतो, कारण दोघं आदल्या दिवशी विषय बोलून घेतात, आणि त्या अर्धा शब्द आधी हसतात. वेगळे ट्रॅक असतील तर तेवढ्या जागी त्यांचा ट्रॅक बारा-पंधरा डेसिबल दाबून शब्द संपल्यावर वर आणता येतो. खरा उपाय मात्र वेगळा. ज्याचा किस्सा आहे त्यानं शेवट दुसऱ्याला आधी सांगायचा नाही.

‘ताई नुसत्या हसतात’ या तक्रारीत मात्र तंत्राचा काही दोष नव्हता. ती रचनेची उणीव होती. तमाशाच्या वगात सोंगाड्याला समोर कुणीतरी लागतं: खडसावणारा, उलटा प्रश्न विचारणारा, मुद्दाम चुकीचं समजून घेणारा. सांगलीजवळच्या कवलापूरची काळू-बाळू ही जुळ्या भावांची जोडी लोकांच्या लक्षात राहिली ती दोघांच्या देवाणघेवाणीमुळं. या पॉडकास्टमध्ये दादाकडं किस्से होते, ताईंकडं फक्त दाद होती. ताईंचा दोष नव्हता, त्यांना कामच दिलेलं नव्हतं. तीन बदल केले. प्रत्येक भागात एक विषय ताईंचा आणि त्यात दादानं फक्त प्रश्न विचारायचे. दादाचा किस्सा सलग तीन मिनिटांच्या वर गेला की ताईंनी तो अडवायचाच: ‘थांबा, त्या पोराला पगार किती ते सांगा आधी.’ आणि टिपणात प्रत्येक किश्शाशेजारी अडवण्याची एक जागा लिहून ठेवायची, वाक्य मात्र लिहायचं नाही, नाहीतर ते वाचल्यासारखं येतं.

सुरुवातीबद्दल फार लिहायला नको. पहिली चार मिनिटं दोघांच्या आपापसातल्या गप्पा, मागच्या आठवड्याचे आभार, सबस्क्राइब करा. स्पॉटिफाय एक मिनिट ऐकल्यावरच ‘स्ट्रीम’ मोजतो, आणि यूट्यूबचा आलेख पहिल्या तीस सेकंदांतली गळती वेगळी दाखवतो. दोन्हीकडं घसरण तिथंच होती. भागातला सगळ्यांत चांगला वीस सेकंदांचा तुकडा आधी, मग नाव, मग थेट विषय. आभार शेवटी.

भाषा आणि नेम

आता ज्या मतांना तंत्राची पळवाट नाही, ती दोन. पहिलं: ‘सांगलीत असं कुणी बोलत नाही.’ दादा शेतकऱ्याची नक्कल करताना एकाच वाक्यात ‘लगा’, ‘बे’ आणि ‘काय करतुयास’ आणतो. ‘काय करालायस’ मिरज-सांगलीकडं सहज कानावर पडतं, ‘करतुयास’ साताऱ्याच्या बाजूला, ‘बे’ सोलापूर-नागपूरकडचा, आणि जत तालुक्यात कानडीचा हेल वेगळाच. श्रोत्याला याचं व्याकरण सांगता येत नाही, पण नक्कल करणारा आपल्यातला आहे की लांबून बघून बोलतोय हे त्याला तत्काळ कळतं. उपाय एकच: ज्या गावची बोली स्वतःच्या घरात आहे तीच वापरायची आणि बाकीच्या माणसांना दादानं आपल्याच बोलीत बोलवायचं. आवाज बदलला नाही तरी पात्र उभं राहतं, ते काय म्हणतं त्यावरून.

दुसरं मत शेतकरी नवऱ्यावरच्या किश्शाबद्दल होतं. मुली शेती करणाऱ्या मुलाला नकार देतात यावरचा किस्सा, आणि सगळा हशा त्या मुलावर. पलूस-तासगाव पट्ट्यातून आलेले निरोप चिडलेले नव्हते, दुखावलेले होते. इथं तक्ता दोन भागांत पाडला: अख्खा भाग ऐकलेले आणि फक्त रील पाहिलेले. रीलवाल्यांचा राग बराचसा कापणीमुळं होता, कारण किश्शाचा शेवट, जिथं मुलगा बरोबर ठरतो, तो त्या चाळीस सेकंदांत नव्हता. पण अख्खा भाग ऐकलेल्यांनाही खटकलं होतं, आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं. जो आधीच अडचणीत आहे त्याच्यावर हसणं सोपं असतं. तोच किस्सा पॅकेजचा आकडा विचारणाऱ्या आणि स्वतः भावकीत बांधाला बांध लावून भांडणाऱ्या मामांवर फिरवला तर हसू वाढतं आणि कुणाला लागत नाही. रील कापताना किश्शाचा शेवट आत हवाच. बसत नसेल तर तो किस्सा रीलला घ्यायचा नाही.

‘नाव घ्या की, घाबरता काय’ अशीही मागणी येत राहते, कधी एखाद्या पुढाऱ्याबद्दल, कधी डॉक्टरबद्दल. तिला नकार. ओळख पटेल असा तपशीलही बदलावा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामी हा गुन्हा आहे आणि ‘गंमत होती’ एवढं म्हणून सुटका होत नाही.

बदल झाल्यावर ज्यांनी मिनिट सांगितलं होतं त्या प्रत्येकाला परत निरोप पाठवायचा: ‘तुम्ही म्हणालात ते तपासलं. एका कानात आमचा एकच आवाज जात होता. नव्या भागात ऐकून सांगाल का?’ सगळ्यांना एकच छापील आभाराचा मजकूर पाठवू नये. पुढच्या वेळी हीच माणसं सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत नेमकं सांगतात.

जुने भागही तसेच सोडू नयेत, कारण नवा श्रोता बहुधा पहिल्या भागापासून सुरुवात करतो. मूळ वेगळे ट्रॅक जपून ठेवले असतील तर ते मधोमध आणून, पातळी उणे सोळावर नेऊन, बहुतेक होस्टिंग सेवांवर त्याच भागाची फाइल बदलता येते. भाग नव्यानं टाकू नये, जुन्या नोंदीतच फाइल बदलावी, म्हणजे दुवा तोच राहतो. यूट्यूबवर मात्र चढवलेली फाइल बदलता येत नाही, फक्त छाटता येते. तिथं फार बिघडलेले दोन-तीन भाग नव्यानं चढवून जुन्यांच्या वर्णनात नव्याचा दुवा द्यावा, आणि जुने काढून टाकू नयेत, कारण त्यांच्याखालची मतं त्यांच्याबरोबरच जातात.